खाणींच्या मधून वाहणारे पाणी : माजरी परिसरातील नाले आणि छोट्या नद्या

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव निघाले की आधी ताडोबाचा वाघ आठवतो, मग कोळसा आणि मग उन्हाळा. नद्यांचा विषय निघालाच तर वर्धा, वैनगंगा, प्राणहिता ही मोठी नावे घेतली जातात. पण जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, भद्रावती तालुक्यातल्या माजरीच्या आसपास, शेताचे आणि गावाचे भवितव्य बरेचदा ठरते ते नकाशावर बारीक रेघेने दाखवलेल्या प्रवाहांवर. शिरणा आणि कोंढा नाला हे माजरीच्या जवळचे, तर इरई आणि झरपट या थोड्या दक्षिणेला, चंद्रपूर शहराला दोन बाजूंनी बिलगून वाहणाऱ्या. पूर आला की हे प्रवाह महसूल खात्याचे होतात, गाळ काढायचा झाला की जलसंधारणाचे, काठावर वाघ दिसला की वनखात्याचे. पाणी एकच, पण त्याचा विचार असा तुकड्यातुकड्यांनी होतो. या खोऱ्यात गेली दीडशे वर्षे कोळसा मोजला गेला, अलीकडे पाणीही मोजले जाते. नदीचा काठ मात्र कुणाच्याच हिशेबात नाही, आणि छोट्या प्रवाहाचा जीव असतो तो काठातच.

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि खाली येताना यवतमाळ आणि चंद्रपूर यांच्यातली हद्द बनते. माजरी तिच्या डाव्या बाजूला. पलीकडे वणी तालुका. दोन्ही काठ जोडणारा पाटाळ्याचा पूल पावसाळ्यात अनेकदा पाण्याखाली जातो आणि वरोरा-वणी रस्ता बंद पडतो. पुढे घुग्घुसजवळ वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. त्याच्या खाली हडस्तीजवळ इरई येऊन मिळते. मग वैनगंगेशी संगम होऊन प्राणहिता, आणि प्राणहितेतून गोदावरी. माजरीच्या नाल्यात पडलेला पाऊस शेवटी काकीनाड्याजवळच्या कोरिंगा खारफुटीच्या खाड्यांपर्यंत जातो, जिथे पाणमांजरे आणि मासेमार मांजरे भरतीओहोटीच्या चिखलात वावरतात. तिथल्या चिखलात विदर्भातल्या काळ्या मातीचाही वाटा आहे.

नदी आणि कोळसा एकाच ठिकाणी का, या प्रश्नाचे उत्तर खडकांत आहे. सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन लांबट खोलगट पट्ट्यात खचत गेली. त्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची अरण्ये होती. त्यांचा पालापाचोळा गाडला जाऊन बाराकार थरांतला कोळसा बनला. वर कामठी वालुकाश्म बसला, काही ठिकाणी लामेटा थर आणि दख्खनचा बेसाल्ट आला, आणि सर्वांत वर नदीने आणलेला गाळ आणि कापसाची काळी माती. हा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो. वर्धा, प्राणहिता आणि खालची गोदावरीही त्याच दिशेने वाहतात. दोन्ही बाजूंच्या कठीण खडकांपेक्षा या पट्ट्यातला वालुकाश्म मऊ आहे, म्हणून पाण्याने तीच वाट धरली. कोळसा काढायचा तर नदीच्या आणि तिच्या नाल्यांच्या अंगावरच खणावे लागणार, हे तेव्हाच ठरून गेले.

याच भागातल्या एका जागेने जगाच्या ज्ञानात मोलाची भर टाकली, आणि ती आपल्याच लोकांना पुरेशी ठाऊक नाही. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या लामेटा थरांतून एकोणिसाव्या शतकापासून डायनासोरची हाडे मिळत आली. हाडांबरोबर मिळाली ती अश्मीभूत विष्ठा, मुठीएवढ्या करड्या-तपकिरी गोळ्यांच्या रूपात. २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या एका गटाने या गोळ्यांतले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे कण सापडले. गवत डायनासोरनंतर आले, असे तोवर मानले जात होते. भाताच्या कुळाशी नाते सांगणारे गवतही त्या काळात होते, हे पिसदुऱ्याच्या पुराव्याने दाखवून दिले. आज ही जागा शेतात आहे. नांगरताना वर आलेला गोळा बांधावर टाकला जातो, कारण तो काय आहे हे सांगणारा एक साधा फलकही अशा ठिकाणी सहसा नसतो. तालुक्याच्या प्रत्येक शाळेत या गोळ्याचे चित्र असायला हवे.

माजरी परिसरातल्या नाल्याचा काठ फेब्रुवारीत, पाणी उतरल्यावर, जवळून पाहावा. वर हात-दोन हात काळी माती, भेगाळलेली. तिच्याखाली पिवळसर चिकण, मध्येच चुन्याचे पांढरे खडे, आणि तळाशी वाळू-गोट्यांचा थर, ज्यातून पाणी अजून पाझरत असते. हा खालचा थर म्हणजे नाल्याची तिजोरी. पावसाळ्यात तो भरतो आणि मार्चपर्यंत हळूहळू सोडत राहतो. मधल्या पिवळ्या मातीच्या उभ्या भिंतीत गोल भोके दिसतात, एका ओळीत दहाबारा. ती वेड्या राघूंची आणि खंड्यांची. काळी माती भेगाळून ढासळते, वाळू टिकत नाही. मधला चिकणमातीचा पट्टाच बिळासाठी योग्य. जेसीबीने काठ उतरता केला की ही भिंत जाते आणि तिच्याबरोबर त्या हंगामाची पिल्लेही.

माणसाची वस्ती या पाण्याकाठी फार जुनी आहे. चंद्रपूरजवळच्या पापामियाँ टेकडीवर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. भद्रावतीत, म्हणजे जुन्या भांदकात, विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि डोलारा तलावावर दगडी खांबांचा प्राचीन पूल आहे. सातव्या शतकात युआन श्वांगने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी इथेच असावी, असा तर्क कनिंगहॅमने मांडला होता. पुढे गोंड राजांच्या काळात चंद्रपूरचा किल्ला बांधला गेला तो इरई आणि झरपट यांच्या बेचक्यात. पश्चिमेला एक नदी, पूर्वेला दुसरी, दक्षिणेला दोघींचा संगम. तटबंदीची निम्मी राखण पाण्यानेच करावी अशी योजना. राजा खांडक्या बल्लाळशाहाचे चर्मव्रण झरपटीच्या पाण्याने बरे झाले, अशी अचलेश्वराच्या जागेची आख्यायिका आहे, आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून येणारे भाविक आजही झरपटीतच स्नान करू पाहतात. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन मिळे. त्या हक्काला तुकूम म्हणत. चंद्रपुरात त्याच नावाची वस्ती आहे. पाणी अडवणारा जमिनीचा धनी होतो, ही त्या काळची नीती. नदीच्या पात्राकडे मात्र ती वळलेली दिसत नाही, आणि वळायचे कारणही नव्हते: पात्रावर तेव्हा कुणाचा घाला नव्हता.

घाला आला तो कोळशाच्या रूपाने. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली, आणि १८७७ मध्ये वर्धा-वरोरा रेल्वे तिच्यासाठीच आली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली आणि लक्ष बल्लारपूरकडे वळले. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेट दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास लोहमार्ग तयार झाला, आणि माजरी त्या मार्गावरचे जंक्शन बनली. इथून वणीकडे जाणारा फाटा आज आदिलाबादपर्यंत पोचतो. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, स्थापन झाली. भुयारी खाणींच्या जागी हळूहळू उघड्या खाणी आल्या. नाल्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल तोच. भुयारी खाणीत वरचे शेत आणि नाला निदान जागेवर राहतो, जमीन थोडी खचते इतकेच. उघड्या खाणीत कोळशावरची सगळी माती, सगळा दगड उचलून बाजूला टाकावा लागतो, आणि टाकायला जवळची जागा म्हणजे बहुधा नाल्याचा काठ. एक टन कोळशापाठी अनेक घनमीटर ढिगारा. खाण पुढे सरकू लागली की नालाच उचलून दुसरीकडे नेतात. कागदावर त्याला वळण म्हणतात. प्रत्यक्षात तो सरळ, समान उताराचा, कडेला दगड रचलेला कालवा असतो. त्याला खालचा वाळूचा थर नसतो, डोह नसतो, वळण नसते. पाणी जाते, पण नाला राहत नाही.

नियम नाहीत असे नाही. कोळसा खाणींसाठी १९५७ मध्ये झालेल्या नियमावलीप्रमाणे नदीच्या खाली किंवा काठापासून १५ मीटरच्या आत परवानगीवाचून खणता येत नाही. २०१७ च्या नव्या नियमावलीचा रोखही तोच. नियम कशासाठी, हे पाहिले की उलगडा होतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी घुसले आणि ३७० हून अधिक कामगार बुडाले. हे नियम अशा मृत्यूंपासून खाणीला वाचवण्यासाठी आहेत, आणि ते आवश्यकच आहेत. खाणीपासून नदीला वाचवण्यासाठी किती मीटर सोडावेत, याचे तितके ठाम उत्तर कुठल्याच नियमात नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा पाया, बांध, गाळ अडवणारे तलाव यांचा उल्लेख असतो, पण प्रत्येक खाणीपुरता. एका नाल्यावर चार खाणी असतील तर चारही जणी आपापल्या हद्दीत नियम पाळून त्या नाल्याला संपवू शकतात.

पुराकडे वळतो, कारण लोकांना सर्वांत जास्त सोसावे लागते ते इथे. वर्धा खोऱ्याच्या या सपाट भागात छोट्या प्रवाहांचा पूर दोन तऱ्हांनी येतो. एक, त्यांच्या स्वतःच्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की. तो लवकर चढतो, लवकर उतरतो. दुसरा पूर जास्त घातक. वर्धा तुडुंब असली की शिरणा, इरई यांचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. वर्धेचा दाब बसतो, पाणी मागे फिरते आणि तोंडापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत शेतांत पसरते. समुद्राच्या भरतीने खाडीचे पाणी आत लोटावे तसाच हा प्रकार. फरक इतकाच की भरती सहा तासांनी ओसरते आणि वर्धेची भरती कधी कधी आठवडा टिकते. सोयाबीन आणि कापूस तेवढे दिवस पाण्याखाली सडतात. वर ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा आणि बेंबळा या धरणांतून एकाच वेळी पाणी सुटले तर दाब आणखी वाढतो. २००६, २०१३ आणि २०२२ या वर्षी चंद्रपूरकरांनी हे पाहिले. २०२२ च्या पावसाळ्यात तर शहरात रहमतनगर, पठाणपुरा या भागांत पाणी शिरले, आणि इकडे माजरीच्या बाजूला पाटाळा-पळसगावच्या लोकांना घरे सोडावी लागली.

आता या मागे फिरलेल्या पाण्याला जागा कुठे? पूर्वी नाल्याच्या दोन्ही बाजूंना सखल पड होती. तिथे शिंदीची झाडे, गवत, चार महिने पाणी आणि आठ महिने गुरे. त्या पडीत पाणी पसरून थांबे. तिची जागा ढिगाऱ्यांनी घेतली. एका बाजूला पन्नास-साठ मीटर उंच मातीचा डोंगर उभा राहिला की सगळे पाणी दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याच्या वावरात जाते. पाऊस वाढला की नाही यावर वाद होऊ शकतो. पाण्याची जागा कमी झाली हे मात्र काठावर उभे राहिले की दिसते. पंचनाम्यात शेतकऱ्याचे नुकसान लिहिले जाते, पण पाणी त्याच्याच बाजूला का आले याचा रकाना पंचनाम्यात नाही. तो असावा, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात चित्र उलटते. आजूबाजूचे नाले कोरडे पडतात तेव्हा खाणीजवळचा नाला वाहत असतो, कारण खाणीतले पाणी पंपांनी उपसून त्यात सोडले जाते. गाईगुरांना, काही ठिकाणी ओलितालाही ते उपयोगी पडते, ही गोष्ट नाकारू नये. पण हे पाणी भूजलाचे आहे. खाण आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली ओढते आणि तेच पाणी नाल्यात सोडते. खाण थांबली की नालाही थांबतो, आणि विहिरी भरायला पुढे बरीच वर्षे जातात. शिवाय नाल्यात कोळशाची धूळ आणि बारीक गाळ बसतो. तळाच्या गोट्यांमधल्या फटी भरतात, आणि ज्या फटींत झिंगे आणि पाणकिड्यांची पिल्ले वाढतात त्याच नाहीशा होतात. काठावरचे ढिवर आणि भोई मासेमार मरळ, वाम यांच्या घटत्या मिळकतीबद्दल बोलतात तेव्हा त्याचे मूळ या फटींत असते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते. हवेची चर्चा तेव्हापासून सुरू आहे. पाण्याच्या तळाची अजून व्हायची आहे.

वन्यजीवांच्या बाबतीत या नाल्यांचे महत्त्व त्यांच्या लांबीरुंदीपेक्षा फार मोठे आहे. पूर्वेला ताडोबा-अंधारी, पश्चिमेला यवतमाळचे टिपेश्वर. मध्ये कापूस, तूर, सोयाबीन, खाणी आणि रेल्वे. या उघड्या मुलखात दिवसभर लपून राहता येईल अशी झाडी उरते ती नाल्यांच्या काठी. कहू, करंज, जांभूळ, उंबर, शिंदी, आणि आता त्यांत घुसलेली बेशरम, घाणेरी आणि विलायती बाभूळ. तरुण वाघ आईपासून वेगळा होऊन स्वतःचा मुलूख शोधायला निघतो तेव्हा याच पट्ट्यांनी चालतो. टिपेश्वरच्या एका वाघाने २०१९ मध्ये रेडिओ पट्टा गळ्यात घेऊन विदर्भ-मराठवाडा-तेलंगण असा तीन हजार किलोमीटरच्या घरातला प्रवास केला आणि ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम ठोकला. त्याचा बराच मार्ग नाले आणि नदीकाठांचा होता.

खाणींचे जुने ढिगारे हा या गोष्टीतला नवा अध्याय. त्यांवर सुबाभूळ आणि विलायती बाभूळ माजते, रानडुकरे येतात, रोही येतात, त्यांच्या मागे बिबट्या आणि वाघ. बाहेरून हिरवे दिसते म्हणून जंगल परत आले असे समजणे धोक्याचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामावरून परतणाऱ्या एका माणसाचा जीव घेतला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापूर भागात बिबट्याने एका मुलाचा. आपण काठाची झाडी काढली आणि माणसांच्या वस्तीला लागून ढिगाऱ्यावर दाट झुडूप वाढवले. प्राण्याने आडोसा मिळेल तिकडची वाट धरली.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि थोडी आशेची. इरई धरणावर हिवाळ्यात चक्रवाक आणि पट्टकादंब उतरतात. वर्धेच्या वाळूच्या दांड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी सुरय उघड्यावर अंडी घालतो. रेतीघाटांचा उपसाही नेमका त्याच महिन्यांत जोरात असतो. वरोऱ्याच्या शेतशिवारात माळढोकाच्या नोंदी झाल्या आहेत, आणि महाराष्ट्रात हा पक्षी आता बोटांवर मोजण्याइतका उरला आहे. सोडून दिलेल्या खाणीच्या खोल डबक्यांतही पाणपक्षी दिसतात, पण तिथे कडा उभ्या आहेत, उथळ किनारा नाही. बदक मध्यभागी तरंगते. चिखलात चोच घालणारे, लव्हाळ्यात घरटे करणारे मात्र तिथे टिकत नाहीत. त्या कड्यांचा एखादा भाग जरी उतरता करून चाळीस-पन्नास सेंटिमीटर पाण्याची उथळ पट्टी केली तरी फरक पडेल. यंत्रे तिथेच उभी असतात आणि काम काही दिवसांचे असते.

उपायांचा अनुभव इरईने दिला आहे. धरण झाले ते वीज केंद्रासाठी. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला, आणि पुढे शहराला पिण्याचे पाणीही तिथूनच मिळू लागले. धरणाखाली मात्र पावसाळा सोडता नदीच्या वाट्याला शहराचे सांडपाणी आणि खाणींचे उपसलेले पाणी एवढेच उरले. काठावर ढिगारे वाढले, पात्र अरुंद झाले, गाळाने उथळ झाले. गेल्या दशकभरात खोलीकरणाच्या मोहिमा निघाल्या आणि त्यांत लोकांचा खरा सहभाग होता. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी २०२१ मध्ये रामाळा तलावासाठी उपोषण केले तेव्हा शहर त्यांच्यामागे उभे राहिले. ही ताकद मोठी आहे. पण गाळ काढायचा आणि गाळ पुरवणारा ढिगारा काठावर तसाच ठेवायचा, हे काम दर काही वर्षांनी पुन्हा करावे लागणार. जलयुक्त शिवारातही नाले खोल करताना खालचा वाळूचा थरच उपसला गेला असेल, तर जे साठवायचे तेच आपण काढून टाकले.

कायद्याच्या बाजूने एक पाऊल मागेच पडले. महाराष्ट्राने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते, त्यात नदीपासून किती अंतरावर कोणता उद्योग असावा हे ठरवले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. उरली ती जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा: पहिली साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. त्या मुख्यतः मोठ्या नद्यांवर आणि शहरांजवळ आखल्या जातात. शिरणेसारख्या प्रवाहावर, वर्धेचा दाब धरून, निळी रेषा आखणे हे फार मोठे काम नाही. पाटाळ्याच्या पुलाजवळच्या पाण्याच्या नोंदी आहेत, गावकऱ्यांच्या भिंतींवर २०२२ च्या पाण्याच्या खुणा आहेत. रेषा आखली गेली तर तिच्या आत ढिगारा टाकायचा नाही, एवढी एकच अट पुष्कळ काम करील.

आणि ही वेळ योग्य आहे, कारण माजरी भागातल्या काही खाणी आज ना उद्या संपतील. कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात भरावी लागते. काम होत जाईल तशी ती टप्प्याटप्प्याने परत मिळते. या आराखड्यांत ढिगाऱ्याचा उतार, झाडे, डबक्यांभोवतीचे कुंपण यांची तपशीलवार नोंद असते. त्यात आणखी तीन गोष्टी घातल्या पाहिजेत: वळवलेल्या नाल्याला पुन्हा वळणे, डोह आणि वाळूचा तळ देणे, पूररेषेच्या आत आलेला ढिगारा मागे घेणे, आणि काठावर विलायती बाभळीऐवजी कहू, करंज, उंबर लावून पाच वर्षे सांभाळणे. खात्यातली रक्कम परत देण्याआधी नाल्याची पाहणी व्हावी, ती फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये अशी दोनदा व्हावी, आणि पाहणीला दोन्ही काठांच्या ग्रामसभांचे लोक बोलवावेत.